मिनी ट्रॅक्टरला छोटी ट्रॉली जोडायची आहे, हूक कुठे घ्यावा?

केळीबाग_यावल
रामराम मंडळी. यंदा जुना २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. आंतरमशागतीला झकास आहे, आता त्याच्यामागे एक छोटी ट्रॉली हवी. काम घरगुतीच. उकिरड्यावरचं शेणखत मळ्यात न्यायचं, केळीचे घड बागेतून गाडरस्त्यापर्यंत काढायचे, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फवारणीचा २०० लिटरचा ड्रम, वाड्यातला पालापाचोळा. भावकीत मोठा ट्रॅक्टर आहे, पण काढणीच्या दिवशी तो नेमका दुसऱ्याच्या शेतात असतो. आणि बागेच्या कडेला त्याला वळायला जागाही नाही.

ट्रॉली ६ बाय ४ फूट, फळ्या दीड फूट उंच, दोन चाकी करावी म्हणतोय. घोडं अडलंय हुकापाशी. ट्रॅक्टरसोबत एक आडवी होल पट्टी आली आहे, वखर काढला की त्याच जागी बसते. ज्यांच्याकडून ट्रॅक्टर घेतला ते म्हणतात, मधल्या होलात पीन टाका आणि खुशाल ओढा. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांडीच्या) ब्रॅकेटलाच हूक मारून देतो, उंच राहील, दगडाला लागणार नाही. यूट्यूबवर बॉलवाला हूकही पाहिला. कोणाचं ऐकू?

शिरपूरकर
भाऊ, आमना आठे बठ्ठा पट्टीवरच टाकतस. काही व्हत नही. निघा.

लेथवाला_जळगाव
शिरपूरकर भाऊ, होत नाही तोवर होत नाही. केळीबाग दादा, थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे वाकलेले हूक आणि तुटलेल्या पिना घेऊन माणसं येतच असतात.

आधी तुमच्या वेल्डिंगवाल्याचा सल्ला. टॉप लिंकच्या ब्रॅकेटला हूक अजिबात मारू नका. मागच्या चाकांच्या एक्सलचा मध्य मिनी ट्रॅक्टरला जमिनीपासून साधारण दीड फुटावर येतो. ओढ त्याच्या खालून लागली पाहिजे. खालून ओढ असेल आणि समोरची चाकं उचलायला लागली, तर हूक आणखी खाली जातो, ओढीचा जोर कमी पडतो आणि नाक परत जमिनीला टेकतं. एक्सलच्या वरून ओढलं की उलटं होतं. ट्रॉली मागे खेचते, इंजिन चाकांना पुढे रेटतं, आणि चाकं फिरत नसली की ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरायला बघतो. असा ट्रॅक्टर उताणा व्हायला दीड-दोन सेकंद पुरतात. क्लच दाबायचं सुचेपर्यंत काम झालेलं असतं. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना साखळी टॉप लिंकला किंवा सीटच्या खाली कुठेतरी बांधतात, तेव्हा नेमकं हेच होतं. आपल्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये हे लक्षात ठेवाच.

आता होल पट्टी. ती लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन हातांच्या) टोकांत बसते, म्हणजे हायड्रोलिकच्या भरवशावर लोंबकळते. आपल्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक फक्त वर उचलतं, खाली दाबत नाही. त्यामुळे ट्रॉलीत मागे वजन जास्त झालं की पट्टी आरामात वर जाते, तिला अडवणारं काही नसतं. पुढे वजन जास्त झालं तर सगळा भार दिवसभर हायड्रोलिकवर. आणि गडबडीत कोणाचा हात लिव्हरला लागून पट्टी वर गेली, तर ओढ पुन्हा एक्सलच्या बरोबरीला किंवा वर.

पट्टी वापरायचीच असेल तर तिच्यापासून टॉप लिंकच्या ब्रॅकेटपर्यंत दोन तिरप्या स्टे पट्ट्या लावून उंची कायमची बांधून घ्या. म्हणजे ती वरही जाणार नाही, खालीही. बाजूच्या चेक चेन ताणून घ्या, नाहीतर ट्रॉली वळणावर पट्टीला डावी-उजवीकडे झोके देते. मोठ्या ट्रॅक्टरला या स्टे कंपनीकडूनच येतात. मिनीच्या जुन्या मालकाने कुठेतरी गोठ्यात टाकल्या असतील, विचारून बघा.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गिअरबॉक्सच्या खालून, हाउसिंगच्या बोल्टांवर धरलेला ठाम ड्रॉबार, म्हणजे न हलणारी ओढपट्टी. तुमच्या मॉडेलला तो मिळत असेल तर डोळे झाकून तोच घ्या. स्वतः बनवणार असाल तर हाउसिंगला वेल्डिंग करू नका. ते कास्टिंग असतं, वेल्डच्या कडेने तडकतं. मूळ बोल्टांची जागा वापरून प्लेट बसवायची.

केळीबाग_यावल
दादा, टॉप लिंकचा विषय संपला. हा ड्रॉबार जरा शोधतो. पण एचपीचं काय? ट्रॉलीत किती भरू?

आप्पा_फैजपूर
एचपी विसर बेटा. ओढायला २४ एचपी पुष्कळ झाले, थांबवायचं कसं ते बघ.

तुझी ट्रॉली ६ बाय ४ बाय दीड, म्हणजे ३६ घनफूट, साधारण एक घनमीटर. तीच ट्रॉली काठोकाठ भरली तर वाळलेलं शेणखत पाच-सहा क्विंटल, ओलं असेल तर आठ-नऊ. ओलसर मुरूम सोळा-सतरा क्विंटल. ओली वाळू अठराच्या पुढे. फळ्या सारख्याच, डोळ्याला सगळं सारखंच दिसतं. तुझा ट्रॅक्टर स्वतः किती वजनाचा? मिनी ट्रॅक्टर साधारण ६०० ते ११०० किलोच्या दरम्यान असतात. बिनब्रेकच्या ट्रॉलीत ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त माल भरला की नाल्याच्या उतारावर ट्रॉली मालक होते. ती मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो. तापीच्या बाजूला ज्यांची शेतं आहेत त्यांना तो उतार सांगायला नको.

तेव्हा शेणखत भर, घड भर. एक घड २० ते २५ किलोचा धरला तर ३० घडांचे सहा-साडेसात क्विंटल होतात, तेवढं ठीक. मुरूम मात्र अर्ध्या फळीच्या वर नको. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाक, उतारावर क्लच दाबून घरंगळू नको आणि दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले ठेव. एकच ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

वजनाची मांडणी जुन्या माणसाला विचार. बैलगाडी उलाळ (मागे भारी) झाली की बैलांचे गळे आवळायचे, आणि सगळा भार पुढे आला की जू मानेवर बसायचं. ट्रॉलीचंही तेच. हुकावर थोडा भार हवाच.

लेथवाला_जळगाव
आप्पा, एकदम बरोबर. त्याला आकडे जोडतो. धुरा (डब्यापासून हुकापर्यंतची दांडी) ४ फूट, डबा ६ फूट, आणि एक्सल डब्याच्या बरोबर मध्यापासून ६ ते ८ इंच मागे घेतला, तर ७०० किलो सारखं पसरलेलं असताना हुकावर साधारण ४५ ते ६० किलो येतात. मिनीला हे पुरे. मागच्या टायरला पकड मिळते आणि समोरची चाकंही हलकी होत नाहीत. एक्सल बरोबर मध्ये घेतला की माल उतरवताना गंमत होते. माणसं पुढचा माल आधी काढतात, मागचा राहतो, आणि धुरा हुकासकट वर. पीन नीट लॉक नसेल तर तेव्हाच निसटते. म्हणून उतरवताना मागून सुरुवात करा.

ओहायोतला_धुळेकर
धागा वाचून गंमत वाटली. मी मूळ धुळ्याचा, सध्या अमेरिकेत. इथे घरामागच्या अंगणासाठी लोक ज्याला ट्रॅक्टर म्हणतात तो बहुतेक वेळा गवत कापायचं बसून चालवायचं मशीन असतं. त्याच्या मागे एक साधी लोखंडी प्लेट आणि तिला एक होल, झाला हूक. त्यात पीन टाकून छोटी गाडी जोडतात, पानं, लाकडं, माती वाहतात. यातही दोन जाती. लॉन ट्रॅक्टर हलका असतो, त्याचा मागचा हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह जड ओढीसाठी बनवलेला नसतो, सतत चढावर ओझं ओढलं की तेल तापून ढेपाळतो. गार्डन ट्रॅक्टर म्हणतात त्याचा सांगाडा जाड, मागची चाकं मोठी, त्याला छोटा नांगरही लागतो. नांगरासाठी त्यांच्याकडे स्लीव्ह हिच म्हणून एक प्रकार आहे, आपल्या तीन टोकांच्या लिंकेजपेक्षा खूप साधा.

बॉलचं म्हणाल तर इथे कारमागच्या ट्रेलरला तो सर्रास असतो. बॉल तीन मापांत मिळतात, १ पूर्णांक ७/८ इंच, २ इंच आणि २ पूर्णांक ५/१६ इंच. कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या टोपीवर) माप कोरलेलं असतं, ते जुळलंच पाहिजे. मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल बसतोही आणि खड्ड्यात उसळून बाहेरही येतो. अंगणातल्या कामाला इथेही बरेच लोक पीनच वापरतात.

केळीबाग_यावल
म्हणजे बॉल नको?

लेथवाला_जळगाव
नको. बॉल डांबरी रस्त्यावरचा माणूस आहे. कपलरच्या आत माती-शेण गेलं की त्याची जीभ पूर्ण बसत नाही, वरून मात्र लॉक झाल्यासारखं दिसतं. आणि बांध ओलांडताना ट्रॅक्टर एका बाजूला कलतो, ट्रॉली दुसऱ्या. तेवढा पीळ बॉल कपलर सहन करत नाही. आपल्याला पीन आणि कडी. त्यातही धुऱ्याची कडी फिरती घ्या, म्हणजे ती धुऱ्याच्या टोकाला आपल्या अंगाभोवती फिरू शकेल. ट्रॉली बांधावरून पलटी झाली तर कडी फिरते, ट्रॅक्टर उभा राहतो. पक्की वेल्ड केलेली कडी ट्रॅक्टरला सोबत घेऊन जाते.

ट्रॅक्टरच्या बाजूला एकाच पट्टीत होल पाडून त्यावर कडी ठेवू नका. दोन पट्ट्यांचा जबडा करा, कडी मध्ये, पीन वरून खालपर्यंत आरपार. एका पट्टीत पीन एकाच ठिकाणी कातरली जाते आणि वर वाकतेही. दोन पट्ट्यांत तोच जोर दोन ठिकाणी वाटला जातो. १२ मिमीच्या पट्ट्या या ट्रॉलीला भरपूर झाल्या. पीन २२ किंवा २५ मिमी, ईएन ८ ची (हा पोलादाचा प्रकार). पट्टीचं होल पिनेपेक्षा १-२ मिमी मोठं, कडीचं होल त्याहून सैल, नाहीतर वळताना कडी अडकते.

पिनेचं डोकं वर, खटका खाली. खटका पडला तरी पीन वजनाने जागेवर राहते. खालून घातलेल्या पिनेला ती सोय नाही. आणि कृपा करून सळईचा तुकडा वाकवून पीन करू नका, आट्यांचा बोल्टही नको. बोल्टच्या आट्या जिथे कातर बसते तिथे आल्या की तो तिथूनच जातो, शिवाय होल किसून काढतो ते वेगळंच.

शिरपूरकर
सळईवाल्यांमध्ये आमचं अर्धं गाव येईल 😄 पण खरं सांगा, ट्रॉली दहाच्या स्पीडने शेतात फिरणार. त्याला एवढं सगळं? फिरती कडी काय, जबडा काय. शेतकऱ्याच्या खिशाचाही विचार करा.

लेथवाला_जळगाव
खिशाचाच विचार केलाय. जबडा आणि पीन हे ट्रॉलीतलं सगळ्यात स्वस्त लोखंड आहे. पैसे वाचवायचे तर डब्याची पत्र्याची जाडी कमी करा, जुन्या जीपचा एक्सल घ्या, ६.०० बाय १६ चे सेकंडहँड टायर टाका. पत्रा गंजला तर शेणखत सांडेल. पीन गेली तर ट्रॉली उताराने एकटी निघेल, आणि उताराच्या खाली कोण उभं आहे ते ती बघत नाही.

मळेकरीण_चोपडा
मध्येच विचारते. आमच्याकडे मिनी मीच चालवते, बहुतेक वेळा एकटी असते. लेथवाले दादा, एकटीने ट्रॉली जोडायची काही सोय सांगा. धुरा उचलायची, ती होलावर धरायची, पीन टाकायची, आणि ट्रॅक्टर तोवर इंचभर सरकलेला. शिवाय रिव्हर्स. नवरा म्हणतो सवयीने जमतं, पण तो शिकवताना ओरडतो जास्त.

लेथवाला_जळगाव
ताई, धुऱ्याला खाली-वर होणारा स्क्रू जॅक लावून घ्या, खाली चाक असलेला मिळाला तर उत्तम. रिकामी ट्रॉली त्यावर उभी राहते, हँडल फिरवून कडी जबड्याच्या उंचीला आणायची. जबड्याच्या दोन पट्ट्यांची तोंडं जरा फाकवून घ्या, म्हणजे कडी आपोआप आत सरकते. आणि ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या मध्ये कोणी उभं असताना रिव्हर्स टाकायचा नाही, जोडायला घाई करणारा नवरा असला तरीही. आधी मागे या, न्यूट्रल, हँडब्रेक, मग उतरा. ट्रॉलीच्या चाकाला दगड लावलेला असू द्या.

आप्पा_फैजपूर
रिव्हर्सचं मी सांगतो पोरी. स्टीअरिंगचा खालचा भाग धर, वरचा नको. ट्रॉलीचं ढुंगण डावीकडे न्यायचं असेल तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचं तर उजवीकडे. मेंदूला उलटं गणित करावं लागत नाही. थोडंच वळव, ट्रॉली वळायला लागली की लगेच सरळ कर. कोन फार झाला की ओढाताण करू नको, पुढे जा, सरळ हो, पुन्हा ये. आणि धुरा आखूड घेऊ नका. ट्रॉली जितकी आखूड धुऱ्याची तितकी ती मागे येताना चटकन दुमडते, आणि वळताना ट्रॅक्टरचं मागचं टायर डब्याच्या कोपऱ्याला घासतं. यावलकर, तू ४ फूट ठेव. बागेच्या कडेला वळायला जागा कमी आहे म्हणून धुरा कापायचा मोह होईल, तो आवर.

मळेकरीण_चोपडा
आप्पा, हात खाली धरून आजच बघते. धन्यवाद.

साक्रीचा_डाळिंबवाला
विषय हुकाचाच आहे म्हणून. माझ्याकडे मागे ओढायचा फवारणीचा ब्लोअर आहे, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागे इंजिनाने फिरणाऱ्या शाफ्टवर) चालणारा. त्याला हीच पट्टी चालेल का? वळताना शाफ्ट खडखडतो.

लेथवाला_जळगाव
ब्लोअरला हुकाची जागा जास्त जपावी लागते. ५४० आरपीएमच्या पीटीओसाठी ठरलेलं माप असं की शाफ्टच्या टोकापासून हुकाच्या पिनेपर्यंत १४ इंच. तेवढं अंतर असलं की वळताना जॉइंटचे दोन्ही कोन साधारण सारखे राहतात. हूक फार पुढे किंवा मागे गेला की एकाच जॉइंटला सगळा कोन येतो, तो खडखडतो आणि क्रॉस खातो. छोट्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळं माप असेल तर ते धरा. पट्टी वर-खाली होत असेल तर शाफ्टची लांबीही बदलते, कधी टोकाला दबून पीटीओच्या बेअरिंगवर येते. तुमचंही उत्तर स्टे पट्ट्यांतच आहे. तीव्र वळणावर पीटीओ बंद करायचा, आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलं असेल तर परत बसवा. धोतर, ओढणी, पंचा काहीही त्यात जातं.

सावदेकर
कोणी रस्त्याचं बोललं नाही. घरी बनवलेली, पासिंग नसलेली ट्रॉली डांबरीवर नेऊ नका. शेतात कोणी विचारत नाही, पण रस्त्यावर काही झालं तर पहिला प्रश्न ट्रॉलीच्या कागदांचा येतो. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी शेतातल्या ट्रॉलीलाही लावा. संध्याकाळी घड घेऊन गाडरस्त्यावर उभी असते तेव्हा मोटरसायकलवाल्यांना ती दिसतच नाही. आणि ट्रॉलीत माणसं बसवू नका, मजुरांनाही नाही.

घडांखाली केळीची पानं अंथरायला विसरू नका. ट्रॉलीला स्प्रिंग नसतो, दणके सगळे मालाला बसतात, आणि व्यापारी काळा डाग लगेच दाखवतो. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तर फरक पडतो.

ओहायोतला_धुळेकर
इथे एक गोष्ट चांगली आहे, ती तिकडेही जमेल. धुऱ्याखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन ट्रॅक्टरला अडकवतात. पीन गेलीच तर धुऱ्याचं टोक त्या फुलीवर पडतं, जमिनीत रुतून ट्रॉली उलथत नाही. इथल्या रस्त्यावरच्या ट्रेलरला हे असतंच. सावकाश चालणाऱ्या वाहनामागे नारिंगी त्रिकोणही लावतात, तो लांबूनच ओळखू येतो.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे आभार. जुन्या मालकाला फोन केला होता. स्टे पट्ट्या खरंच त्याच्या गोठ्यात निघाल्या, गाईचं दावं बांधायला वापरत होता. पण खालचा ड्रॉबारही मिळतोय असं शोरूमवाला म्हणाला, म्हणून तोच घेतोय. स्टे डाळिंबवाल्या भाऊंसारखं पीटीओचं काही आलं तर कामाला येतील.

ट्रॉलीचं असं ठरवलंय: धुरा ४ फूट, एक्सल ७ इंच मागे, दोन पट्ट्यांचा जबडा, फिरती कडी, २५ ची पीन, फुलीवाल्या साखळ्या, जॅक. चाकांचं अंतर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांइतकंच ठेवतोय, म्हणजे चिखलात दुसरी चाकोरी पडणार नाही. एकच राहिलं. धुरा जमिनीला समांतर हवी ते ट्रॉली रिकामी असताना की भरलेली असताना?

लेथवाला_जळगाव
भरलेली असताना. स्प्रिंग नाही, त्यामुळे फरक टायर दबतील तेवढाच. पण ट्रॅक्टरचं मागचं टायरही दबतं, म्हणून सपाट जागेवर, टायरमध्ये नेहमीची हवा भरून, शेणखताची एक ट्रॉली टाकून मोजा. जबड्याला वर-खाली दोन-तीन होलं ठेवलीत तर जुळवायला सोपं जाईल, फक्त सगळ्यात वरचं होलही एक्सलच्या मध्याच्या खालीच राहू द्या.

चाकांच्या अंतराचं बरोबर केलंत. आणि रंग लगेच मारू नका. महिनाभर तशीच वापरा, प्रत्येक वेल्ड तारेच्या ब्रशने घासून बघा, तडा गेला असेल तर गंजाची बारीक रेघ दिसते. रंगाखाली ती दिसत नाही.

शिरपूरकर
लेथवाले भाऊ, २५ ची ईएन ८ पीन तयार मिळेल का तुमच्याकडे? दोन पाहिजेत.